गट एक, जमीन दुसरी: चुकीची जमीनखरेदी कशी टाळावी आणि झाल्यास कशी निस्तरावी

खरेदीखतात गट क्रमांक २१४ लिहिलेला असतो, सातबारा २१४ चा असतो, वकिलांचा शोध अहवालही २१४ चाच असतो. पण दलालाने दाखवलेली, खरेदीदाराने बांधावरून फिरून पाहिलेली आणि पुढे तारेचे कुंपण घातलेली जमीन मात्र २१६ मधली निघते. दोन-तीन वर्षांनी २१६ चा खातेदार मोजणी आणतो, भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक खुणा दाखवतो आणि तेव्हा कुठे उलगडा होतो की पैसे एका जमिनीचे दिले आणि विहीर दुसऱ्याच्या जमिनीत खोदली. गट क्रमांक येथे कल्पित आहेत, प्रकार मात्र महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांना चांगला परिचयाचा आहे.

जमीन घेताना दोन स्वतंत्र प्रश्न विचारावे लागतात. जमीन कोणाची आहे, हा पहिला. आणि ती नेमकी कोणती आहे, हा दुसरा. बहुतेक खरेदीदार पहिल्या प्रश्नावर वकिलाची फी, वेळ आणि काळजी खर्च करतात, आणि दुसऱ्याचे उत्तर दलालाच्या बोटावर सोडून देतात. म्हणून या लेखात दुसऱ्या प्रश्नाला मुद्दाम जास्त जागा दिली आहे. विवेचन महाराष्ट्रातील शेतजमिनीपुरते आहे. शहरी भागात सातबाराच्या जागी मालमत्ता पत्रक आणि गटाच्या जागी नगर भूमापन क्रमांक येतो, तपासणीचा गाभा तोच राहतो.

पहिली पायरी: जमीन कोणाची, हे कागदावरून शोधणे

सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्रित उतारा. सातमध्ये भोगवटादार, क्षेत्र, आकार आणि इतर हक्क असतात. बारामध्ये पिकांची नोंद असते. डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या गावातील सर्व जमिनींचा उतारा) घेणे ही सुरुवात झाली. खरी माहिती मिळते ती सातबारावर दिलेल्या फेरफार क्रमांकांमधून. प्रत्येक फेरफाराची, म्हणजे गाव नमुना सहामधील नोंदीची, नक्कल काढावी आणि निदान तीस वर्षे मागे जाऊन विकणाऱ्याकडे जमीन कशी आली याची साखळी जुळवावी. वारसनोंद असेल तर सर्व वारस आले आहेत का, बहिणींनी हक्कसोड केली असेल तर तो दस्त नोंदणीकृत आहे का, की केवळ जबाब घेऊन नावे कमी केली आहेत, हे पाहावे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात केलेल्या दुरुस्त्यांनी मुलींना सहदायकाचा, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच, हक्क दिला, आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने तो जन्मतःच असल्याचे स्पष्ट केले. त्यामुळे केवळ भावांच्या सह्यांवर झालेली खरेदी ही वादाला स्वतःहून दिलेले आमंत्रण असते.

सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, इतकेच. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. दस्त नोंदला गेला म्हणजे सरकारने मालकी तपासली, हाही एक व्यापक गैरसमज आहे. दुय्यम निबंधक दस्ताची नोंदणी करतो, विकणाऱ्याच्या मालकीची हमी देत नाही.

इतर हक्कांचा रकाना सर्वांत आधी वाचावा असे माझे मत आहे, कारण व्यवहार मुळातच शक्य आहे की नाही हे तेथे कळते. भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली, जमीन पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. कूळ कायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चे निर्बंध असू शकतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासी व्यक्तीला घ्यायची असल्यास जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि तिला राज्य शासनाची पूर्वमान्यता असावी लागते. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन घेण्यास कूळ कायद्याचे कलम ६३ आडवे येते. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, पुनर्वसनाचा शेरा, भूसंपादनाची नोंद हीसुद्धा येथेच सापडते. हे निर्बंध आपल्याला माहीत नव्हते, असे नंतर सांगून उपयोग होत नाही, कारण कायद्याच्या अज्ञानामुळे करार रद्द करून घेता येत नाही.

त्यानंतर दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचा गोषवारा, तपासावी आणि विकणाऱ्याच्या व त्याच्या पूर्वजांच्या नावाने ई-कोर्ट्स प्रणालीवर प्रलंबित दावे शोधावेत. दावा चालू असताना घेतलेल्या जमिनीला त्या दाव्याचा निकाल बंधनकारक ठरतो; महाराष्ट्रात दाव्यादरम्यानच्या हस्तांतरणाचे हे तत्त्व लागू होण्यासाठी दाव्याची नोटीस नोंदणी कार्यालयात नोंदवलेली असावी लागते, म्हणून शोध घेताना अशा नोटिशीची स्वतंत्र चौकशी करावी. वर्तमानपत्रातील जाहीर सूचना कायद्याने सक्तीची नाही, तरीही ती द्यावी; पुढे वाद झाला तर आपण वाजवी काळजी घेतली होती हे दाखवण्यास तिचा उपयोग होतो.

दुसरी पायरी: जमीन कोणती, हे जमिनीवर जाऊन शोधणे

गट क्रमांक ही तुलनेने अलीकडची ओळख आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव एकत्रीकरण योजना झाल्या आणि जुने सर्व्हे क्रमांक व हिस्से एकत्र करून गट पाडले गेले. काही गावांत ही योजना झालीच नाही आणि तेथे आजही सर्व्हे क्रमांकच चालतो. जेथे ती झाली तेथे १९५० च्या दशकातील खरेदीखतात सर्व्हे क्रमांक, मधल्या वाटणीपत्रात हिस्सा क्रमांक आणि आजच्या सातबारावर गट क्रमांक, अशी तीन नावांची एकच जमीन असते. क्वचित ती एक नसतेही. म्हणून जुन्या सर्व्हे क्रमांकाचा नवा गट कोणता झाला, हे एकत्रीकरण योजनेच्या उताऱ्यावरून जुळवून घ्यावे. या उताऱ्याला भूमी अभिलेख कार्यालयात ‘नऊ-तीन, नऊ-चार’ या नावाने ओळखतात. योजनेच्या वेळी दोन शेजाऱ्यांचे क्षेत्र किंवा नावे उलटसुलट झाल्याची उदाहरणे आहेत. इतक्या वर्षांनी ती चूक योजनेत दुरुस्त करून मिळणे कठीण असते, त्यामुळे अशी विसंगती दिसली तर व्यवहार तेथेच थांबवणे शहाणपणाचे.

पुढचा टप्पा क्षेत्राचा. सातबारावरील क्षेत्र आकारबंदाशी जुळते का, हे पाहावे, कारण आकारबंद हा क्षेत्राचा मूळ अभिलेख आहे. पोटखराबा (लागवडीस अयोग्य भाग) धरून एकूण क्षेत्र किती आणि लागवडीखालचे किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. एकके मिसळल्यानेही घोळ होतात. एक एकर म्हणजे ४० गुंठे, आणि सातबारा बोलतो हेक्टर-आरमध्ये. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर एक गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. तोंडी सौदा ‘एक एकर’चा आणि दस्तात ‘४० आर’ लिहिले, तर सुमारे ५०० चौरस फुटांचा फरक पडतो. माळरानावर तो कोणी पाहत नाही, हमरस्त्यालगत मात्र त्यावर दावे होतात.

आता मोजणी. महाभूनकाशा या संकेतस्थळावरचा नकाशा गटाचा आकार आणि शेजारचे गट समजण्यास उपयोगी आहे. मोबाइलवर उपग्रह चित्र लावून आपण कोणत्या गटात उभे आहोत याचा अंदाजही घेता येतो. पण ही प्राथमिक चाचणी झाली. तिच्यावर हद्द ठरत नाही. हद्द ठरते ती हद्द कायम मोजणीने. अर्ज खातेदाराला करावा लागतो, म्हणजे खरेदीआधीची मोजणी विकणाऱ्याकडूनच करून घ्यावी लागते. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, भूकरमापक खुणा दाखवतो आणि नंतर ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, मिळते. गटाचा काही भागच घ्यायचा असेल तर पोटहिस्सा मोजणी हवी. मोजणीला हजर राहावे, शेजाऱ्यांशी बोलावे, खुणांची छायाचित्रे काढून ठेवावीत. ‘मोजणीला महिने लागतात, तोवर दुसरे गिऱ्हाईक घेऊन जाईल’ हे वाक्य प्रत्येक सौद्यात ऐकू येते. मोजणीपर्यंत थांबायला तयार नसलेल्या विक्रेत्याला घाई कशाची आहे, हे आधी शोधावे.

शेवटी ताबा. जमिनीत प्रत्यक्ष कोण कसतो, हे शेजारच्या तीन-चार शेतकऱ्यांना विचारून पाहावे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ३ नुसार ज्याचा प्रत्यक्ष ताबा आहे त्याच्या हक्काची माहिती खरेदीदाराला होतीच असे मानले जाते. शेतात दुसऱ्याचा ऊस उभा असताना ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव फारसा टिकत नाही. जाण्यायेण्याचा रस्ता नकाशावर आहे, केवळ वहिवाटीचा आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर चालतो, हेही त्याच फेरीत विचारून घ्यावे.

सामाईक गटाचा सापळा

चुकीच्या खरेदीचा सर्वांत मोठा उगम माझ्या मते येथे आहे. सातबारावर चार भावांची नावे सामाईक आहेत, सरकारदरबारी वाटणी झालेली नाही, आणि एक भाऊ ‘माझ्या वहिवाटीतील उत्तरेकडील २० गुंठे’ विकतो. कायद्याने त्याला त्याचा अविभक्त हिस्सा विकता येतो. गटातील विशिष्ट तुकडा खरेदीदाराला देण्याचा अधिकार मात्र सर्व सहधारकांच्या संमतीशिवाय किंवा वाटपाशिवाय त्याला नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ नुसार खरेदीदार विकणाऱ्या भावाच्या जागी येतो. उद्या वाटप झाले आणि उत्तरेची बाजू दुसऱ्या भावाला गेली, तर खरेदीदाराला जे वाट्याला येईल ते घ्यावे लागते. चतुःसीमा कितीही स्पष्ट लिहिल्या तरी यातून सुटका नाही.

दहा-बारा जणांनी मिळून एक एकर घेऊन आपसात एक-दोन गुंठ्यांचे भूखंड आखून घेणे, हा याचाच शहरालगतचा अवतार. कच्च्या नकाशावर प्रत्येकाचा भूखंड असतो, सातबारावर मात्र सगळ्यांची नावे सामाईक असतात. शिवाय तुकडेबंदीचा प्रश्न उभा राहतो. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे केले. त्याहून लहान तुकड्यांविषयीचे नियम अलीकडच्या काळात पुन्हा पुन्हा बदलले आहेत, म्हणून व्यवहाराच्या दिवशी त्या गावाला काय लागू आहे हे तहसील कार्यालयातून लेखी माहिती घेऊन ठरवावे. अशा गटात शिरण्यापूर्वी सर्व सहधारकांना दस्तात संमती देणार म्हणून घ्यावे किंवा आधी वाटप आणि पोटहिस्सा करून मगच खरेदी करावी. तिसरा सुरक्षित मार्ग मला माहीत नाही.

तिसरी पायरी: दस्त लिहिताना

विसार पावती आणि साठेखत (खरेदीखतापूर्वीचा विक्रीचा करार) या टप्प्यावरच जमिनीची ओळख पक्की लिहावी. किंमत एकरकमी न ठेवता ‘मोजणीत प्रत्यक्ष भरेल त्या क्षेत्रावर प्रति गुंठा’ अशी ठरवली, तर क्षेत्राचा बराचसा वाद जन्माला येत नाही. मोजणी विकणाऱ्याने अमुक दिवसांत करून द्यावी, हद्दीत फरक आढळल्यास खरेदीदाराला विसार परत घेऊन बाहेर पडता यावे, आणि पुढे लेखनाची चूक निघाल्यास विकणाऱ्याने व त्याच्या वारसांनी चूक दुरुस्ती दस्तावर विनामोबदला सह्या कराव्यात, अशा तीन अटी स्पष्ट शब्दांत हव्यात.

खरेदीखतातील मिळकतीचे वर्णन मागील दस्तावरून उतरवून घेण्याची सवय अनेक चुकांची जननी आहे. तीस वर्षांपूर्वीच्या दस्तात ‘पूर्वेस गणपतरावांची जमीन’ असते; ते गेले, त्यांची जमीन तिघांत वाटली गेली, त्यातली एक विकली गेली, आणि आपल्या दस्तात पूर्वेस अजून गणपतरावच असतात. चतुःसीमा नव्याने, ‘क’ प्रतीवरून आणि शेजारच्या गट क्रमांकांसह लिहाव्यात. क्षेत्र अंकी आणि अक्षरी द्यावे. पूर्ण गट घेत आहोत की ‘पैकी’ क्षेत्र, हे अधोरेखित असावे. ‘पैकी’ हा एक शब्द सुटल्याने विकणाऱ्याचीही उरलेली जमीन दस्तात गेल्याचे दावे झाले आहेत. ‘क’ प्रतीची सही केलेली नक्कल दस्ताला परिशिष्ट म्हणून जोडावी.

नोंदणीच्या दिवशी आणखी एक जागा काळजीने पाहावी. दस्ताची माहिती संगणकात वेगळी भरली जाते, सूची क्रमांक दोन तिच्यावरून तयार होते आणि फेरफाराची प्रक्रियाही तिच्याच आधारे सुरू होते. त्यामुळे दस्तात गट बरोबर असूनही संगणकात आकडा चुकला तर चूक थेट सातबाराकडे निघते. सही करण्यापूर्वी दाखवला जाणारा गोषवारा गट, पोटहिस्सा, क्षेत्र आणि गावाचे नाव यांसाठी आकडा-आकडा वाचावा. एकाच तालुक्यात ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ ही जोडगावे असतात, हे विसरू नये.

नोंदणीनंतर फेरफाराची नोटीस संबंधितांना जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आल्यास प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते. नोंद प्रमाणित होऊन नवा सातबारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

चूक उघडकीस आली, तर पहिल्या काही दिवसांत

बांधकाम, विहीर, कुंपण यांचे काम त्याच दिवशी थांबवावे. चूक कळल्यानंतर केलेल्या खर्चाला सद्भावनेचे संरक्षण मागता येत नाही. जमीन घाईने तिसऱ्याला विकण्याचा मोह टाळावा. तसे केल्यास दिवाणी प्रश्नाला फसवणुकीच्या गुन्ह्याचे वळण लागू शकते. शेजाऱ्याने पुढे केलेल्या कोऱ्या किंवा घाईत लिहिलेल्या कागदावर सही करू नये. मूळ सौदा कोणत्या जमिनीचा होता हे दाखवणारे सर्व काही एकत्र करावे: जाहिरात, दलालाशी झालेले संदेश, जागेवरची तारखेसह छायाचित्रे, विसार पावती, बँकेचे उतारे, मोजणीचे कागद. चूक कोणत्या तारखेला आणि कशी कळली, याची लेखी नोंद ठेवावी, कारण पुढे मुदतीचा हिशेब त्या तारखेपासून सुरू होऊ शकतो.

नंतर चुकीचा प्रकार ओळखावा. उपाय त्यावरच अवलंबून असतो, आणि चुकीच्या उपायात दोन वर्षे घालवून मुदत गमावल्याची प्रकरणे कमी नाहीत.

दस्तात लेखनाची चूक असेल तर

दोघांच्याही मनात एकच जमीन होती, ताबाही तिचाच दिला, फक्त दस्तात आकडा चुकला. येथे नोंदणीकृत चूक दुरुस्ती दस्त हा सरळ मार्ग आहे. मूळ दस्तावर सह्या करणाऱ्या सर्वांनी, आणि कोणी हयात नसल्यास त्याच्या सर्व वारसांनी, त्यावर सह्या कराव्यात. ‘दुरुस्ती’च्या नावाखाली पूर्ण वेगळी जमीन दिली जात आहे असे नोंदणी कार्यालयाला दिसले, तर नव्या खरेदीप्रमाणे मुद्रांक शुल्काची मागणी होऊ शकते, म्हणून मूळ हेतू दाखवणारे कागद सोबत न्यावेत.

विकणारा तयार नसेल तर विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली दस्त दुरुस्तीचा दावा आहे. उभय पक्षांची परस्पर चूक किंवा फसवणूक यामुळे दस्तात खरा हेतू उतरला नाही, हे सिद्ध करावे लागते. मधल्या काळात एखाद्या तिऱ्हाइताने सद्भावनेने आणि मोबदला देऊन हक्क मिळवला असेल, तर त्याला धक्का लावता येत नाही. हे एकच कारण उशीर न करण्यास पुरेसे आहे. मुदत सर्वसाधारणपणे तीन वर्षांची. मुदत अधिनियमाच्या कलम १७ नुसार चुकीवर आधारलेल्या दाव्यात ती चूक कळली तेव्हापासून, किंवा वाजवी दक्षतेने कळू शकली असती तेव्हापासून मोजली जाते. या दुसऱ्या भागाकडे लोक दुर्लक्ष करतात. सातबारा दहा वर्षे पाहिलाच नाही, हे सांगणे स्वतःविरुद्धच पुरावा देण्यासारखे आहे.

प्रत्येक चुकीच्या आकड्याने मालकी जातेच, असेही नाही. शिवध्यान सिंग विरुद्ध सानिचरा कुएर या १९६१ च्या प्रकरणात १६० ऐवजी १०६० असा भूखंड क्रमांक लिहिला गेला होता. खाते, क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत होत्या आणि त्या खात्यात १०६० नावाचा भूखंडच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने हे केवळ चुकीचे वर्णन मानले आणि जमिनीची ओळख कायम ठेवली. क्रमांक आणि चतुःसीमा यांत विसंगती असेल तर सामान्यतः चतुःसीमांना प्राधान्य, असेही न्यायालयाने २००६ मध्ये सुभागा विरुद्ध शोभा प्रकरणात म्हटले. चतुःसीमा नव्याने लिहिण्याचा आग्रह वर धरला तो यासाठीच.

दस्त बरोबर, नोंद चुकीची असेल तर

हा त्यातल्या त्यात सोपा प्रकार. निव्वळ लेखनप्रमाद असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करावा. नोंद घेताना निर्णयच चुकला असेल तर कलम २४७ खाली अपील करावे लागते. फेरफार प्रमाणित करण्याच्या आदेशाविरुद्ध ते ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जाते. कलम १५५ चा अर्ज करून मालकीचा वाद सोडवण्याचा प्रयत्न करू नये. तो अधिकार दिवाणी न्यायालयाचा आहे.

दस्त बरोबर, ताबा चुकीच्या जमिनीचा असेल तर

आरंभीच्या उदाहरणातला प्रकार हाच. दस्ताने २१४ मिळालेला आहे, पण वहिवाट २१६ मध्ये आहे. प्रथम दोन्ही गटांची एकत्र मोजणी करून घ्यावी. भूकरमापकाचा निष्कर्ष मान्य नसेल तर निमताना मोजणीची (वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) आणि त्यावर सुपर निमताना मोजणीची सोय आहे. हद्द निश्चित झाली की ताबे बदलून घेणे, किंवा तसे करणे व्यवहार्य नसल्यास अदलाबदल दस्त करणे, हे दोन मार्ग उरतात.

एका शेतकऱ्याची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, अशी स्थिती किमान १२ वर्षे असेल, तर राज्य शासनाने जानेवारी २०२३ मध्ये आणलेली सलोखा योजना लक्षात घ्यावी. तिच्यात शेतजमिनीच्या अदलाबदल दस्तासाठी मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी शुल्क १,००० रुपये इतकेच ठेवले गेले. एरवी अदलाबदलीवर जास्त किमतीच्या जमिनीच्या मूल्यानुसार शुल्क भरावे लागते, त्यामुळे सवलत लहान नाही. तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा, व मंडळ अधिकाऱ्याचा पंचनामा लागतो. योजना मुदतीची आहे आणि तिला मुदतवाढही मिळाली आहे. अर्ज करण्याच्या दिवशी ती चालू आहे का, हे तहसीलमध्ये विचारावे.

शेजारी बोलणीच करत नसेल तर ज्याच्या मालकीची जमीन अडकली आहे त्याला मालकीच्या आधारे ताब्याचा दावा आहे, आणि त्याची मुदत ताबा त्याच्या हक्काला प्रतिकूल झाल्यापासून १२ वर्षे आहे. दुसऱ्याच्या गटात घर बांधून बसलेल्यालाही मी वाटाघाटीचाच सल्ला देईन, कारण स्वतःच्या दस्ताच्या हद्दीबाहेर बांधलेल्या बांधकामाला कायद्यात भक्कम आधार मिळत नाही.

जमीन विकणाऱ्याचीच नसेल तर

जो हक्क विकणाऱ्याकडेच नाही, तो त्याच्याकडून खरेदीदाराला मिळत नाही. दोघांचीही कराराच्या मूळ वस्तुस्थितीविषयी चूक असेल, तर भारतीय करार अधिनियमाच्या कलम २० नुसार करार निरर्थक ठरतो आणि कलम ६५ नुसार घेतलेला लाभ परत करावा लागतो. विकणाऱ्याला ठाऊक होते, तर दस्त रद्द करणे, रक्कम व नुकसानभरपाई मागणे यांसोबत भारतीय न्याय संहितेखाली फसवणुकीची तक्रारही करता येते. विकणाऱ्याला ती जमीन नंतर मिळाली, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४३ च्या आधारे खरेदीदार तिच्यावर हक्क सांगू शकतो, हा क्वचित उपयोगी पडणारा पण वकिलाला विचारण्याजोगा मुद्दा आहे. मात्र चूक एकट्या खरेदीदाराचीच असेल, विकणाऱ्याने काही दडवले नसेल, तर करार अधिनियमाचे कलम २२ आडवे येते: एका पक्षाची वस्तुस्थितीविषयीची चूक एवढ्याच कारणावर करार मोडता येत नाही.

दावा लावावाच लागला तर

वादपत्रात मिळकतीचे वर्णन चतुःसीमा किंवा अभिलेखातील क्रमांकांसह द्यावे लागते. दस्ताचे वर्णन आणि प्रत्यक्ष ताब्याचे वर्णन वेगळे असेल, तर दोन्ही स्वतंत्र परिच्छेदांत द्यावीत आणि हातनकाशा जोडावा. चुकीच्या जमिनीच्या दाव्यातच जमीन चुकीची लिहिली जाण्याचे प्रकार घडतात. लगतचा खातेदार, मधले खरेदीदार आणि विकणाऱ्याचे सर्व वारस यांना पक्षकार करावे. जमीन पुढे विकली जाण्याची भीती असल्यास तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज द्यावा आणि दाव्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्यावी. हद्दीचा प्रश्न असेल तेथे भूमी अभिलेख अधिकाऱ्याची न्यायालय आयुक्त म्हणून नेमणूक लवकर मागावी. तोंडी साक्षींत वर्षे जातात आणि अखेर सगळे त्या मोजणी अहवालावरच येऊन थांबते.

तडजोड झाली तर ती न्यायालयात नोंदवून तिचा हुकूमनामा घ्यावा, आणि दावा दाखल होण्यापूर्वीच मिटले असेल तर नोंदणीकृत दस्त करावा. त्यानंतर सूची क्रमांक दोन, फेरफार, सातबारा, गाव नकाशा आणि कर्ज असल्यास बँकेचे गहाणखत या पाचही ठिकाणी नवा क्रमांक उतरला आहे का, हे स्वतः जाऊन तपासावे, कारण यांपैकी एका ठिकाणी राहिलेला जुना आकडा पुढच्या खरेदीदाराच्या वकिलाला नेमका सापडतो.